शंका कुणालाच नव्हत्या

९ सप्टेंबर, मंगळवार
विभागप्रमुखांनी जिन्यातच गाठलं. "मॅडम, ऑनलाइनच्या वर्गातून तुमच्या तासाबद्दल पत्र आलंय. शुक्रवारी दहाला बसू. रेकॉर्डिंग मागवलीत." पुढे अवाक्षर काढतील तर शपथ!
तक्रारच असणार. माझं कंत्राट महिनाअखेर संपतंय आणि सही त्यांचीच लागते.

१० सप्टेंबर
कळलं मला कशाबद्दल ते. गेल्या सोमवारी तास संपता संपता समोरच्या पोरांना म्हणाले, "तुम्ही निदान इथे येऊन जांभया देता. ते ऑनलाइनवाले घरबसल्या उशीत तोंड घालून हजेरी लावतात!" सगळे हसले. मीही. आणि रेकॉर्डिंग चालू! जळली मेली माझी जीभ.
पण खोटं काय बोलले? समोर बावीस जण, पडद्यावर एकतीस काळे चौकोन. प्रत्येक गणितानंतर विचारते — काही शंका? तिकडून हूं की चूं नाही.

११ सप्टेंबर
नवरा म्हणतो, "एका वाक्यावरून कुणी काढतं का गं?" काढतात! भूगोलाच्या बाईंना काढलंच ना! भीती वाटते. खूप भीती वाटते.
दुपारी लाज गुंडाळून रेकॉर्डिंगच्या यंत्रखोलीत गेले. तिथल्या तंत्रज्ञांना म्हटलं, "दादा, सोमवारचं शेवटचं मिनिट कापता येईल?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी ऐका तरी, कापायचं काय ते." हेडफोन दिला.
माझ्या वाक्यापर्यंत पोचलेच नाही. "काही शंका?" — मी. लगेच एका मुलीचा आवाज, "मॅडम, दुसऱ्या पायरीत वजा कुठून आलं?" त्यावर मी — "नाही? चला पुढे." ती — "मॅडम? ऐकू येतंय का?"
आधीचा तास लावला. तीच मुलगी. त्याच्या आधीचा. पुन्हा तीच!
जुलैत खोलीत आवाज घुमायचा म्हणून, पडद्यावरच्या मुलांचा आवाज येतो तो भिंतीवरचा स्पीकर मीच बंद केला होता. दोन दिवसांपुरता! चॅट तर पोरं फालतूपणा करतात म्हणून पहिल्याच दिवशी बंद.
"कापू?" दादांनी विचारलं. नकारार्थी मान हलवली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
साडेनऊला तिला फोन लावला. स्पीकरचं सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, तुझी तक्रार रास्तच आहे.
"तक्रार? नाही हो मॅडम. कोर्स सोडतेय, एवढंच पत्रात कळवलं होतं. मला वाटलं, माझे प्रश्नच इतके खुळे असतात, म्हणून तुम्ही पुढे जाता."