लेक दार उघडेल का?

बाबा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

आपल्या त्या राजा-ड्रॅगनांच्या कादंबऱ्यांच्या फोरमवर माझ्याशी भांडणारा 'जुना नावाडी' म्हणजे तुम्हीच, हे मला पहिल्याच वादात कळलं. फितूर राजाला 'म्हातारा बोकड' म्हणणारा माणूस जगात एकच. मला मांडीवर घेऊन पहिला खंड वाचून दाखवताना तुम्ही हेच म्हणायचात. मग तैपेईत दुसरा संसार थाटलात. पुढचे खंड मी एकटीने वाचले.

तुमचं म्हणणं, कादंबरीतलं भाकीत खरं ठरणार. युती मोडून गेलेला राजा परत येणार आणि त्याची लेक त्याला किल्ल्यात घेणार. मी लिहायचे, "का घेईल? तिला काय वेड लागलंय?" लोक हसायचे, "हे दोघं बापलेकीसारखे काय भांडतायत!"

शेवटचा खंड आज आला. आईच्या माशांच्या गोळ्यांच्या गाड्यावर बसूनच वाचला. आई ओरडली, "अगं, सूप उतू जातंय!" मी उठलेच नाही. लेकीने दार लावलं. राजा बाहेरच राहिला. मी जिंकले.

संध्याकाळी तुम्ही लिहिलंत, "बाई, तुमचंच खरं ठरलं. आता मी इथून निघतो."

सगळे माझं अभिनंदन करतायत आणि मी तुम्हाला लिहीत बसलेय. हे पत्र मी पाठवणार नाही. पण दार लावल्याचं ते पान पुन्हा पुन्हा वाचलंय, आणि तुम्ही निघायच्या आत फोरमवर एवढंच टाकतेय: दार लावलंय खरं, पण कडी घातल्याचं कुठेच लिहिलेलं नाही.

युन-ह्वेई
कीलुंग