लाल दोऱ्याची बाटली

३ मार्च, मंगळवार
संत्र्याच्या तेलाचा नवा डबा फोडला. कागदाच्या पट्टीवर एक थेंब, टोकाला वेळ लिहिली. तासाभराने पुन्हा हुंगलं तर टर्पेंटाइनचा भपकारा. उन्हात पडून राहिलेला माल आहे. मुंबईच्या दलालाला फोन केला. म्हणतो, "मॅडम, नॅचरल प्रॉडक्ट आहे, थोडा फरक पडतोच." नॅचरल म्हटलं की यांना सगळं माफ. डबा परत.

निखिलचा फोन. रविवारी मुग्धाला घेऊन येतोय मारतहळ्ळीहून. सूनबाई आठवडाभर ऑफिसच्या कॉलवर, सुट्टीला घरी मलमं घोटणार. पुण्याहून इथे कानडी मुलखात आलं की यांना काहीतरी 'क्रिएट' करावंसं वाटतं. आमच्या बसवनगुडीच्या दुकानात चार पिढ्या तेलं विकली, कोणाला क्रिएट करायला वेळ झाला नाही.

८ मार्च, रविवार
मु. येऊन गेली. मागच्या खेपेला नेलेलं संत्र्याचं तेल तिने थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं होतं. बूच सैल राहिलं, खोक्याला तळच उरला नाही. "आई, इतकं पॉवरफुल आहे ते." कौतुकाने सांगत होती. जे थर्माकोल खातं, बरणीवरच्या लेबलाचा चिकटा काढतं, ते ही लोकांच्या गालाला लावणार.

आता लिंबाचं तेल हवंय. पुढच्या रविवारी त्यांच्या सोसायटीत पाडव्याचा बाजार, तिथे हिचा स्टॉल. दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या. एक वाफेवर काढलेलं, पाण्यासारखं स्वच्छ. दुसरं सालं दाबून काढलेलं, हिरवट. पहिलंच घे म्हणणार होते. तेवढ्यात ही म्हणते, "उकळलेलं म्हणजे त्यातलं सगळं मेलेलं ना? कोल्ड प्रेस्डच द्या. नेटवर बघा तुम्ही, सगळं दिलंय."

नेटवर बघा. चाळीस वर्षं या नाकावर दुकान चालवलं, आता नेटवर बघते. हिरवी बाटली दिली.

हिरव्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा असतो. मामंजींच्या वेळची पद्धत. दोरा म्हणजे हे अंगाला लावायचं नाही, वर ऊन लागलं की कातडी भाजते. आमच्या गिऱ्हाइकांना सांगावं लागत नाही. मु. ने तो बोटाला गुंडाळून पाहिला. "किती क्यूट आहे. कुठे मिळतो हा?" मी गल्ल्यातलं अख्खं रीळ काढून दिलं.

विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१५ मार्च, रविवार
मारतहळ्ळी. टेबलभर मलमाच्या डब्या, प्रत्येकीला लाल दोऱ्याची गाठ. अकरा वाजल्यापासून ही भर उन्हात उभी, मानेला, हातांना मलम चोळून दाखवतेय. पुण्यामुंबईच्या बायका डबीत नाक खुपसून "सो फ्रेश" म्हणतायत. यांना भांडी घासायचा साबण हुंगायला दिला तरी हेच म्हणतील.

पलीकडे उदबत्तीवाल्या शिवण्णाचं टेबल. तीस वर्षं आमच्याकडून तेल नेतो. त्याने एक डबी उचलली. "अक्का, केंपु दारा याके?" लाल दोरा का म्हणून.
"सुम्ने," म्हटलं. उगीच आपला.
माझ्याकडे पाहिलं त्याने. डबी होती तिथे ठेवली, बोटं रुमालाला पुसली. "सरी अक्का." बरं म्हणाला, आणि आपल्या टेबलाकडे वळला.

चारपर्यंत टेबल रिकामं.

१७ मार्च, मंगळवार
निखिलने फोटो पाठवला. मु. ची मान लालभडक, दोन्ही हातांवर फोड. हिच्या मलमवाल्या मैत्रिणी सांगतायत, शरीरातलं विष बाहेर पडतंय, लावत राहा. ही लावतेय. इंजिनिअर आहे म्हणे.

लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. ऊनच असेल नुसतं, स्वल्प लावलं असेल, असं दुपारभर मनाशी म्हणत बसले. असल्या सबबी मी दलालाच्या ऐकून घेत नाही.

१८ मार्च, बुधवार
झोप नीट नाही. दुकान न उघडता मारतहळ्ळीला गेले. ऑटोत काय काय बोलायचं ते ठरवत होते. दारातच सांगून टाकलं. मलम बंद कर. लिंबाचं दाबलेलं तेल आणि ऊन जमत नाही. डाग पडतील, ते जायला महिने लागतील. ज्यांनी नेलंय त्या सगळ्यांना कळव.

वाद घालेल असं वाटलं होतं. वही काढून लिहून घेतलं पोरीने. हात धड वळत नव्हता, तरी. मग म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या रम्याने तिच्या लेकीला लावलंय. तीन वर्षांची आहे. उद्या पाडवा, पोरं दिवसभर खाली खेळणार." फोड आलेल्या हाताने आधी रम्याला फोन लावला. अजून काही झालेलं नाही, लेक बरी आहे. बाकीच्यांसाठी नीट मजकूर लिहून सकाळी ग्रुपवर टाकते म्हणाली.

चहा करून दिला मला. "बरं झालं आई, तुम्ही शोधून काढलंत."
शोधून काढलं. मी चहा प्यायले. लाज वाटली, पण प्यायले.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा
पूजा आटोपून फोन पाहिला. मु. चा मेसेज, सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी मला दाखवायला.

"माझं लिंबाचं मलम कृपया कोणीही लावू नका, उन्हात तर मुळीच नको. लावलं असेल तर धुऊन टाका आणि आज घरातच थांबा. चूक पूर्णपणे माझी. तेल सासूबाईंकडून आणलं होतं, पण त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांना दोष देऊ नये."

खाली, "आई, असं चालेल ना? तुम्ही हो म्हणालात की लगेच टाकते."

मला ठाऊक नव्हतं. मला. ज्या बाईला मी दोन आठवडे मूर्ख म्हणत होते ती मला वाचवायला निघालीय, आणि त्यासाठी मी अडाणी ठरायला हवी. हो म्हटलं तर शिवण्णा एकटा सोडून सगळे विश्वास ठेवतील. निखिलसुद्धा. नाही म्हटलं तर त्या घरात पुन्हा कुठल्या तोंडाने जाऊ.

साडेनऊ झाले. ऊन गॅलरीत आलंय. तिकडेही आलं असेल, ग्रुपवर अजून काही गेलेलं नाही, ही माझ्या उत्तरासाठी थांबलीय.

"चालेल" लिहिलं. पुसलं.
"लगेच टाक. फक्त शेवटची तीन वाक्यं काढ. मला ठाऊक होतं." एवढं लिहून ठेवलंय. बोट बटणावर आहे.