अक्काताईंच्या वाट्याचा पेला

मी, पूर्णिमा सुकुमार मगदूम, वय चौऱ्याहत्तर, राहणार निपाणी, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वखुशीने हे लिहून ठेवते. मन स्वच्छ आहे.

१. राहते घर मुलगी दीप्ती हिला. शेत मुलगा श्रेयस याला. तो शेती करणार नाही, ठाऊक आहे. बांधावरची चिंच तेवढी तोडू नये. बँकेतली ठेव दोघांत सारखी.

२. काचेचे पेले. लग्नानंतर यजमान स्टोव्ह आणायला बेळगावला गेले आणि कॅम्पातल्या एका बंगल्यातून, सामान विकून परदेशी निघालेल्या बाईंकडून, हे पेले गवतात गुंडाळून घेऊन आले. फ्रान्समधल्या कुणा कारागिराने फुंकून घडवलेले. दोन सारखे नाहीत. काचेतले बारीक बुडबुडे म्हणजे त्याचा श्वास, असे यजमान म्हणायचे.

सासूबाई चंपाबाईंनी उंबऱ्यातच अडवले. "दारूचे गलास हाईत हे. सैपाकघरात न्हाय यायचे."

"आई, पाणीच पिणार की आम्ही त्यातनं."

पेले माडीवर गेले. आम्हा जैनांत सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. दिवसाचे शेवटचे पाणी आम्ही दोघे माडीवर त्या पेल्यांतून प्यायचो. तिरपे ऊन काचेतून भिंतीवर उतरायचे, हलत राहायचे. नदीच्या तळाशी बसल्यासारखे वाटायचे. संसारातले मला सर्वांत स्पष्ट आठवते ते हेच.

यजमान गेले. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका संध्याकाळी चमचा बाजूला सारून म्हणाल्या, "माडीवरचा गलास आण गं." पेला उन्हात धरायला लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग घोटभर प्यायल्या. "उजेड पिल्यागत वाटतंय." दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

३. नणंद अक्काताई चारचौघांत म्हणाल्या, "माझ्या आईला दारूच्या गलासातनं शेवटचं पाणी पाजलंस." मी सांगायला गेले, तर दार लावून घेतले. त्याचा राग मला आजही आहे.

तरी तो पेला अक्काताईंना द्यावा. बाकीचे दीप्ती-श्रेयसने वाटून घ्यावेत, शोकेसमध्ये न कोंडता वापरावेत. अक्काताईंकडे दीप्तीने स्वतः जावे, दिवस मावळायच्या आत. पेल्यात पाणी भरून हाती द्यावे आणि सांगावे, की आजीने तो आपणहून मागितला होता. मग त्यांनी प्यावे, नाहीतर दारातच फोडावा. फोडला तर काचा दीप्तीनेच वेचाव्यात. आत्या घरात अनवाणी वावरतात.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

सही: पूर्णिमा सुकुमार मगदूम

साक्षीदार: भरमू नागोजी पाटील (सही)
आण्णाप्पा बाबू खोत (सही)

निपाणी, ९ नोव्हेंबर २०२३