तुझ्या बंदुकीचा चाप

प्रिय आर्वो,

चार वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम एवढं पत्र, म्हणजे लेस्टरला काहीतरी हवं असणार, असं तू तुझ्या बहिणीला म्हणशील. म्हण बापडा. तुम्ही डलूथला सुखात असाल. इथे यंदा बर्फ लवकर पडलं आणि आपल्या शिकारीच्या कॅम्पवरच्या सॉनाची, त्या वाफेच्या खोलीची, चिमणी कलली. आपला बड ती सरळ करायला वर चढला आणि तासभर वरूनच आम्हाला शिव्या घालत बसला, कारण शिडी कुणीतरी हलवली होती. कुणी ते विचारू नकोस. बायकोचा गुडघा बरा आहे. डोरीन अजून पास्टीत, मांसाच्या करंजीत, गाजर घालते आणि मी अजून ते वेचून बाजूला काढतो.

कॅम्पची भिंत तशीच आहे. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून तिथे ठोकायचं, हा आपल्या बापजाद्यांचा नियम. त्यात लागोपाठ दोन वर्षं तुझी दोन टोकं लागली. सव्वीस वर्षं गावातल्या पोरांना बंदूक सांभाळायला शिकवणारा मास्तर, आणि त्याच्याच शर्टाला शेपूट नाही! बड म्हणाला, "मास्तर, तिसऱ्या वर्षी शर्ट कमी पडला तर पँट आणा." तू हसलास, पण मला माहीत होतं, तुझं बोट संधिवाताने आखडलं होतं. तुझ्या बंदुकीचा कारखान्यातून आलेला चाप इतका जड, की तो खटल्याच्या भीतीने वकिलांनीच बनवलाय असं आपण म्हणायचो. तो ओढता ओढता नळी हलायची. नवा चाप टपालाने मागवू, मी घरी बसवून देतो, हे मीच म्हणालो होतो. तू मागितला नव्हतास.

त्या वर्षी शिकारीच्या हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला. डोरीनने टेबलावर जुना टॉवेल अंथरून दिला आणि पिना हरवल्यास तर जेवायला मिळणार नाही असं बजावलं. दस्ता सोडवला, दोन पिना ठोकून काढल्या, जुना चाप बाहेर, नवा आत. तो असा बसला की मलाच माझं कौतुक वाटलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, स्क्रू अमुक खुणेखाली सैल करू नका. मी केला. तुला लोण्यातून सुरी जावी तसा चाप द्यायचा होता मला. लेस्टरचे हात म्हणजे काय, हे कॅम्पवर सगळ्यांनी बोलावं, अशी हौस होती.

मग ती परीक्षा. रिकामी बंदूक घोडा ताणून तयार ठेवायची आणि दस्ता जमिनीवर आपटायचा, दहा वेळा; चाप आपोआप सुटता कामा नये. आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक आहे, कारण तूच ते शिकवलंस. सातव्या वेळी आतून टक् असा आवाज आला. हात न लावता चाप सुटला, आर्वो. मी स्क्रू थोडा आवळला आणि त्यावर डोरीनच्या नेलपॉलिशचा थेंब टाकला, म्हणजे तो परत फिरू नये. पुन्हा दहा वेळा आपटून बघायला हवं होतं. पण बाहेर बड हॉर्न वाजवत होता, सॉना तापली होती, आणि पुन्हा टक् झालं तर सगळं उघडून बसावं लागेल, या कंटाळ्याने मी बंदूक पिशवीत घातली. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी चार वर्षं शोधतोय, सापडत नाही.

दुसऱ्या दिवशीचं तुला काय सांगू? तुझा कर्ट झाडावरच्या मचाणातून शिडीने उतरत होता. तू खाली बंदूक रिकामी करत होतास. तिचा सुरक्षेचा खटका उघडल्याशिवाय आतली गोळी बाहेर काढता येत नाही, म्हणून तू तो सरकवलास, आणि दस्ता शिडीच्या गोठलेल्या पायरीवर आपटून बार उडाला. नळी वर होती आणि वर कर्टचा पाय होता. नळी त्याच्याकडे होती, ती चूक माझी, असं तू तिथेच म्हणालास आणि आपल्या पोराचा पाय मफलरने बांधलास. पण वनखात्याचा अधिकारी आला तेव्हा तू एवढंच म्हणालास, की बोट चापाच्या बाहेर होतं असं मला वाटतं. मग माझ्याकडे वळून विचारलंस, "लेस्टर, तूच सांग. चाप ठीक होता ना?"

"ठीक होता," मी म्हणालो. "मी तपासला होता."

तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे झालं ते मला अजून दिसतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा काढून घेतलास. इस्पितळात कर्ट म्हणाला, "बाबा, साऱ्या गावाला शिकवलंत आणि स्वतःचं बोट आवरलं नाही?" मी दाराशी कॉफी घेऊन उभा होतो. बंदूक साफ करून देतो म्हणून मी ती घरी नेली आणि जुना चाप परत बसवला. आता तुला ती बंदूक नको आहे, असं मी कर्टला परस्पर सांगितलं. मी नीच माणूस आहे, आर्वो. तू वर्ग सोडलास, गाव सोडलंस. कर्टने त्याच्या पोरीला तुझ्याबरोबर रानात पाठवणं बंद केलं. आणि तुझा वर्ग लोकांनी मलाच दिला. मी घेतला.

गेल्या मंगळवारी अग्निशमन केंद्रात पहिला तास होता. मी दरवर्षी सांगतो तीच गोष्ट सांगितली, नाव न घेता: फार मोठा मास्तर होता, एकदाच बोट चापावर गेलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. कर्टची काइसा. बारा वर्षांची झाली, तुझ्यासारखीच भुवया जोडून बघते. ती म्हणाली, "ते माझे आजोबा आहेत. ते फोनवर म्हणतात की चूक त्यांच्याच बोटाची होती. पण तुम्ही तिथे होता ना? तुम्ही त्यांचं बोट चापावर पाहिलंत?" आणि मी त्या पोरीला हो म्हणालो. ती खाली बसली आणि वहीत लिहून घेतलं. म्हणून हे पत्र. ते तुला शुक्रवारी मिळेल. रविवारी मी कर्टच्या घरी जाऊन हे सगळं त्याला आणि काइसाला सांगणार आहे, मग त्या अधिकाऱ्याला, मग वर्गाला. पण सगळ्यांआधी तुला कळायला हवं. मी तुझ्यापासून चार पावलांवर होतो आणि तुझ्या हाताकडेच बघत होतो, कारण माझा चाप कसा चालतो ते मला बघायचं होतं. तुझं बोट चापावर नव्हतं, आर्वो. ते दस्त्याला लागून सरळ होतं, तू शिकवायचास तसं.

तू म्हणू देशील तर तुझाच,
लेस्टर