एर्मेलिंदाताईच्या शिक्क्याची वाटणी

मी साबिना ओरे, वय त्रेपन्न, राहणार नऊ ऑक्टोबर वस्ती, लिमा. वस्तीच्या सामायिक स्वयंपाकघरात रांधते. सोमवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. नाही असं कोणी म्हणालं तर त्यात त्याचा फायदा काय, ते आधी बघावं. शाळा दोन इयत्ता. हे माझ्या हातानं लिहिते, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

१. घर आणि त्यावरचे पत्रे भाची येसेनियाला. भावाला काही नाही. आईच्या मातीला आला नाही, आठवड्यानं तिची शिलाई मशीन न्यायला मात्र आला.

२. माझी दोन मोठी पातेली स्वयंपाकघराला. बुडाला खिळ्यानं नाव कोरलंय. बदलून पातळ पातेली ठेवू नयेत.

३. शिक्का. एर्मेलिंदा तायपे एप्रिलमध्ये गेली. तेवीस वर्षं वस्तीची अध्यक्ष. या वाळूच्या टेकडीवर नळ तिनं आणला, दवाखाना आणि जिनाही तिनंच. कुठलाही कागद सभेत दोनदा मोठ्यानं वाचायची, मगच शिक्का. तोवर खाली स्वयंपाकघरात माझी आमटी करपायची. मी म्हणायची, "ताई, तुझ्यावर विश्वास आहे, मार एकदाचा." ती म्हणायची, "माझ्यावर कसला ठेवतेस? कागद ऐक." जाताना शिक्का माझ्याकडे दिला, कारण मी कोणाबद्दल चांगलं बोलत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे पाहुणे फार. जमिनीचा दलाल तेओफिलो केक घेऊन आला. "साबिनाबाई, ताईंचा पुतळा उभारू. या अर्जावर फक्त शिक्का हवा." डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मला अक्षर अडतं, आकडे अडत नाहीत. चौथरा चाळीस मीटर बाय तीस. म्हणजे स्वयंपाकघरासकट वस्तीची सगळी मोकळी जागा. मी म्हटलं, "ताई एवढी जाडी नव्हती." तिचा पुतळा कोणीही, कधीही उभारू नये.

४. शिक्का एकट्याच्या हाती द्यावा असं माणूस मला सापडलं नाही. मी स्वतःही नाही. केक मी खाल्ला. म्हणून रबर मधोमध कापलं. डावा अर्धा वरच्या गल्लीतल्या निकोलासाला, उजवा खालच्या गल्लीतल्या फाउस्ताला. पाण्याच्या पाइपावरून दोघी सहा वर्षं बोलत नाहीत. मैत्रिणींना दिला असता तर चहावर शिक्के पडले असते. कागद सभेत दोनदा वाचावा, मग दोघींनी आपापला अर्धा जोडून उमटवावा. मध्ये फट दिसेल. फट नसलेला ठसा खोटा समजावा.

नमुना खाली आहे. आज दोघींना बोलावून उमटवला. पहिला बिघडला. निकोलासा भिंतीकडे बघत म्हणाली, "उलटा धरलायस."

फाउस्ता म्हणाली, "मग आधी सांगायचं होतंस."

दुसरा बरोबर आला. बिघडलेल्यावर मी काट मारली आहे, उद्या कोणी वापरू नये म्हणून.

हे सगळं साक्षीदारांना दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना यातलं काहीही मिळत नाही, म्हणून त्यांना निवडलं.

सही: साबिना ओरे

साक्षीदार: मोदेस्तो उआमान, पाववाला
साक्षीदार: रोसाउरा चोके, दवाखान्यातली नर्स

नऊ ऑक्टोबर वस्ती, लिमा
शुक्रवार, १४ जून २०१९