लग्नानंतरही लिबर्टाइन

सांगली,
ता. ८ सप्टेंबर १९४७

मधुकररावांना विनोदिनीचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, अप्पा सोडून. ते तुमच्यावर भडकलेत.

मला बघायला आलात तेव्हा पोह्यांच्या बशीवरून मान वर केली नाहीत, म्हणून अप्पांनी पत्रानं तुमचा स्वभाव विचारला. सरळ मराठीत लिहायचं ना! वकिलावर छाप पाडायला इंग्रजी कशाला? म्हणे, ‘बेचाळीसपासून मी लिबर्टाइन आहे, तुरुंगातही तसाच राहिलो, लग्नानंतरही तसाच राहीन.’ अहो, लिबर्टीवाला म्हणजे लिबर्टाइन नव्हे! लिबर्टाइन म्हणजे बाहेरख्याली, बदफैली माणूस! “लग्नानंतरही!” असं ओरडत अप्पा घरभर फिरले आणि येत्या रविवारी वाईच्या स्थळाला होकार कळवायचं त्यांनी ठरवलं.

मला आधी हसू आवरेना, मग रडूच आलं.

अप्पा कोर्टात गेल्यावर त्यांची जाडजूड डिक्शनरी काढली. वाईट चालीच्या माणसांसाठी इंग्रजांकडे शब्दांची काय चंगळ आहे! ‘वॉन्टन’ म्हणजे मुळात वळण न लागलेलं पोर. हे मोठ्यानं वाचलं, तर आईनं माझ्याकडंच बघितलं. मग तुमचा शब्द सापडला. रोमन लोक गुलामगिरीतून सुटलेल्याला लिबर्टिनस म्हणत. पुढं त्याचा अर्थ झाला बंधनं न मानणारा, आणि घसरत घसरत बदफैली.

संध्याकाळी ते पान अप्पांपुढं धरलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि खो खो हसत म्हणाले, “म्हणजे पंधरा ऑगस्टपासून आपण सगळेच लिबर्टाइन की गं!” मग एकदम वकील झाले. “पण हा मूळ अर्थ त्याला ठाऊक होता का?”

“होता तर! लॅटिन येतं त्यांना.”

मी धडधडीत खोटं बोलले. साताऱ्याचे गणिताचे मास्तर तुम्ही, तुम्हाला कुठलं लॅटिन! आता रविवारच्या आत या आणि निभावून न्या. ‘लिबर्टिनस’ हा एक शब्द तरी पाठ करा.

हे पत्र अप्पांनी लिहायला सांगितलं असेल असं वाटेल. तसं नाही. घरात कुणालाच माहीत नाही. वाईच्या स्थळात खोट काढण्यासारखं काही नाही, पण मला ते नको. मला तुम्ही हवे आहात. लिहून टाकलं एकदाचं.

सहीच्या वर एक शब्द लिहिते आहे. तो मराठी आहे, आणि त्याला दुसरा अर्थ नाही.

तुमची
विनोदिनी