कुशावर्ताचे केस

सेलू,
१२ मार्च १९९२

प्रिय सत्यशीला,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचल्या वाचल्या उत्तर लिहायला बसले, पण दुसऱ्याच ओळीत अक्षर इतकं वाकडं व्हायला लागलं की कागद बाजूला सारला. मग सगळं रोजनिशीत लिहून काढलं. काल ते पुन्हा वाचलं आणि स्वतःला विचारलं, यात खरं किती आणि नुसता राग किती? राग बराच निघाला. तो गाळून उरलं ते हे पत्र आहे. तरी ते तुला टोचेल. टोचलं तर मला फारसं वाईट वाटणार नाही, हेही आधीच सांगून टाकते.

तू लिहितेस, कुशावर्ताचं ऐकून वाईट वाटलं, पण पाडव्याचा साखरपुडा लांबवू नये. चांगलं लांबसडक गंगावन लावावं, वरून पदर घ्यावा, कुणाला काही कळणार नाही. आणि तुझ्या मुलाला, नागनाथला, आत्ताच सांगायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. ज्याच्याशी माझ्या भाचीनं जन्म काढायचा, त्यालाच तिच्या डोक्यावर काय आहे ते ठाऊक नसावं, ही युक्ती तुझ्या अक्षरात लिहिलेली पाहून मला वाटलं, पत्र चुकीच्या घरी आलं.

संक्रांतीनंतर तुम्ही वालूरला मुलगी बघायला आलात, तो दिवस आठव. बन्सीदादानं ओसरीवर सतरंजी अंथरली होती. तुझ्या सासूबाईंनी, सरजाबाईंनी, पोरीला चालायला लावलं, चुलीवरच्या भाकरीचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, वेणी सोडून दाव. हा रिवाज मला चांगला माहीत आहे. केस खरे की उसने ते बघायचं असतं. भिवरावहिनीनं लेकीची फीत ओढली आणि ते कुरळे केस असे उसळले की तिचे खांदेच दिसेनात. नागनाथला हसू आलं. त्यानं विचारलं, हे विंचरायला किती वेळ लागतो? कुशावर्ता मान खाली घालूनच म्हणाली, "का, तुमाला विंचरायचे हायेत का?" सगळी ओसरी हसली. तूसुद्धा पदर तोंडाला लावलास. एकट्या सरजाबाई हसल्या नाहीत. कुरळ्या केसांची बाई घरात कुरबुर आणती, असं त्या भिंतीकडे बघून बोलल्या.

त्या म्हाताऱ्या आहेत. त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण निघताना तू मला गोठ्याच्या बाजूला नेलंस आणि माझा हात हातात घेऊन म्हणालीस, "नर्मदा, मुलगी पसंत आहे. नागनाथ तर हरखलाय. केस तेवढे सरळ करून घ्या, म्हणजे सासूबाईंचं तोंड बंद. आता पार्लरमध्ये होतं ते. आपलं काय जातं?" आपलं काय जातं, सत्यशीला? तुझं काही गेलं नाही, एवढं मात्र खरं.

मला याच गोष्टीचा संताप येतो. सासूबाईंनी जुन्या काळचं नाक मुरडलं आणि तू त्यावर नव्या काळचा इलाज सुचवलास. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव डोकी भडकली, तेव्हा तुझ्या सासरच्या माणसांसमोर तू नामांतराच्या बाजूनं बोलली होतीस. सरजाबाईंनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. तू हटली नाहीस. मी ही गोष्ट आमच्या शाळेत मुलींना सांगत आले, तुझं नाव न घेता. तीच तू एका पोरीच्या केसांसाठी सासूपुढे तोंड उघडायला का धजली नाहीस, याचं उत्तर मला सापडत नाही. कदाचित मोठ्या गोष्टीसाठी भांडणं सोपं असेल. केस म्हणजे बायकांची बाब, तिथं कशाला वाद.

पार्लरचं नाव तूच दिलंस. परभणीला आम्ही तिघी गेलो, कुशावर्ता, भिवरावहिनी आणि मी. मी का गेले आणि गेल्यावर पुरेशी का बोलले नाही, हे मी रोज स्वतःला विचारते. पण आधी सकाळचं ऐक. शहरातल्या बाईपुढे पोरीचं डोकं मळकं दिसायला नको, म्हणून वहिनीनं पहाटे पाणी तापवून तिला न्हाऊ घातलं. शिकेकाई आणि रिठ्यानं, नखं लावून, हळदीच्या नवरीला न्हाऊ घालतात तसं. वर बारीक दातांची फणी फिरवली, कोंडा राहू नये म्हणून. डोकं लालबुंद आणि कोरडं ठणठणीत झालं. वहिनीला वाटलं, आपण रीत पाळली. त्या औषधाआधी डोकं धुवायचं नसतं, घासायचं तर मुळीच नसतं, असलेलं तेल कातडीला वाचवतं, हे तिला कुणी सांगायचं? पार्लरच्या बाईनं. तिनं एका शब्दानं विचारलं नाही.

डबा उघडला तेव्हा मला प्रयोगशाळेतला वास आला. नवसागर आणि चुना एकत्र तापवला की मुली नाकं धरून पळतात, तो. डब्यावरचा कागद निम्मा फाटलेला होता. यात काय आहे, असं मी विचारलं. परदेशी क्रीम आहे, म्हणाली. आधी कानामागे थोडं लावून उद्या बघू या का, असं विचारलं. तर ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, ही काय तुमची शाळा हाय का परीक्षा घ्यायला?" खुर्च्यांवरच्या बाकीच्या बायका हसल्या आणि मी बाकावर जाऊन बसले. त्या बाईवरही मी फार चिडले होते, पण तिचे हात आठवले की राग पुरता टिकत नाही. मोजे न घालता ती दिवसभर तेच क्रीम कालवते. तिच्या बोटांची टोकं सोललेली होती. तिला शिकवणाऱ्यानंही तिला काही सांगितलेलं नसणार.

क्रीम फासून, केस प्लास्टिकच्या पातळ फळ्यांवर ताणून चिकटवून ती दुसऱ्या एका नवरीच्या मेकअपला लागली. थोडं चरचरतं, सोसायचं, एवढं बजावून गेली. आणि आमची पोर सोसत बसली. मी समोर होते, सत्यशीला. तिनं खुर्चीचे दांडे धरले होते, मला वाटलं आरशात बघून लाजतेय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी उठले. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "आत्या, लय आग होयलीय, पण आता थोडंच राह्यलं असंल." वहिनी म्हणाली, सोस गं बाई, उजवायची हायेस. मी त्या बाईला हाताला धरून आणलं. पाणी ओतलं तसे केसांचे पुंजके तिच्या हातात आले.

डॉक्टरांनी उरलेले सगळे केस कापले. टाळूवर आणि डाव्या बाजूला फोड आले होते. आता खपल्या धरल्या आहेत. एका जागी केस पुन्हा येतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही, म्हणतात. मी त्यांना विचारलं, सगळं नीट झालं असतं तर? ते म्हणाले, तर तेवढेच केस सरळ राहिले असते, मुळातून वाढणारा नवा केस कुरळाच. दर काही महिन्यांनी पुन्हा हेच करावं लागलं असतं. हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. म्हणजे सरजाबाईंच्या समाधानासाठी ही पोर तुझ्या घरात येऊनही जन्मभर त्या खुर्चीत जाऊन बसली असती. आणि तिला कोण घेऊन गेलं असतं? तू?

ज्या बाईला स्वतःच्या हौसेनं केस सरळ करायचे असतील तिनं जरूर करावेत. डब्यात काय आहे ते विचारावं, जखमेवर लावू देऊ नये, आग झाली की खुर्चीतून उठावं. माझं भांडण क्रीमशी नाही. कुशावर्ताला तिचे केस आवडत होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. आम्ही तिला फक्त तारीख सांगितली.

आता वालूरला लोक बोलायलेत, पोरीला डोक्याचा रोग झालाय. दादा पारावर जात नाही. काल तिकडे जाऊन तुझं पत्र वाचून दाखवलं, ते वहिनीनं उशाखाली ठेवून घेतलं, तिला गंगावनाची वाट पटली आहे. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, हीच तिला भीती. मी म्हटलं, येऊ दे किंवा न येऊ दे. पण हे बोलणं मला सोपं आहे, माझी नोकरी आहे, मी काही कुशावर्ता नाही. म्हणून या वेळी मी तिला विचारलं.

खरं म्हणजे हे पत्र पुरं करायला तिनंच मला बसवलं आहे. वरचा सगळा राग माझा, पुढचा निरोप तिचा. काल ती माझ्याजवळ बसून मक्याची कणसं सोलत होती. म्हणाली, "लग्न मोडायचं न्हाई मला, आत्या. ते मला आवडलेत. पण त्यांना आधी सांगा, आणि त्यांच्या आईनीच सांगावं. गंगावन मी लावणार न्हाई, पदर बी घेणार न्हाई. साखरपुड्यात सासू गजरा माळती ना? सत्यशीलाकाकूंनी पाडव्याला गजरा घेऊन यावं आणि समद्यासमोर माळावा. कुठं माळायचा ते त्यांनीच बघावं." एवढं बोलून ती पुन्हा कणसं सोलायला लागली. तिचे केस आत्ता गव्हाच्या दाण्याएवढे आहेत, मानेजवळ वळायला लागलेत. पाडव्यापर्यंत फार तर बोटाच्या अर्ध्या पेराएवढे होतील, त्यात गजरा टिकणार नाही, हे तिला कळतं आणि मलाही. तो तुला तिथं हातानं धरून उभं राहावं लागेल, सरजाबाईंच्या डोळ्यांदेखत. ते होणार नसेल तर येऊ नकोस, आम्ही काही विचारणार नाही. येणार असलीस तर गजरा आखूड आण.

तुझीच,
नर्मदा